नाव नको, कारण शोधा
बंद वस्त्यांमधले संशयास्पद मृत्यू आणि त्यांचा माग काढणारी साधी माणसं

सुपात मूठभर तांदूळ असतात. बाजूला दिवा तेवत असतो. भगत चिमटीने दाणे उचलतो, पुन्हा टाकतो, जोड्या लावतो, सम आले की विषम ते पाहतो. भोवती बसलेल्या घरच्या माणसांचे डोळे त्या दाण्यांवर खिळलेले असतात. काल रात्री धडधाकट झोपलेला घरचा मुलगा सकाळी उठलाच नाही. अंगावर जखम नाही, ताप नव्हता, भांडण नव्हतं. मग हे झालं कसं? खरं तर घरच्यांचा प्रश्न ‘कसं झालं’ हा नसतोच. त्यांना विचारायचं असतं, ‘कुणी केलं?’

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात, पेठमध्ये, शेजारच्या गुजरातमधल्या डांगात, सह्याद्रीच्या या सगळ्या पट्ट्यात अचानक आलेल्या मरणाचा पहिला तपास अनेकदा असाच सुरू होतो. भगताला हिणवण्याचा माझा हेतू नाही. त्याला झाडपाल्याची जाण असते, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात त्याच्यावाचून पान हलत नाही, दुःखात बुडालेल्या घराला तो चार शब्दांचा आधार देतो. अडचण त्याच्या तपासाच्या शेवटाशी आहे. तो तपास संपतो तो एका नावावर, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, विधवा बाईचं असतं. तिला ‘भुताळी’ म्हणतात, ‘डाकीण’ म्हणतात. पहिल्या मरणाचं कारण तसंच राहतं आणि दुसऱ्या मरणाची तयारी सुरू होते.

म्हणूनच अशा वस्तीत कुणी संशयास्पद रीतीने गेलं, तर तिथे जाऊन शांतपणे चौकशी करणारा माणूस लागतो. तो पोलीस नसतो, वकीलही नसतो. असतो एखादा शिक्षक, आशाताई, डॉक्टर नाहीतर संघटनेचा कार्यकर्ता. हा लेख त्या माणसांविषयी आहे.

जंगलापलीकडचं गाव

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत निघालं की द्राक्षबागा मागे पडतात आणि सागाचं रान सुरू होतं. स्वातंत्र्याआधी सुरगाणा हे पवार देशमुखांचं छोटं संस्थान होतं. 1948 मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. तालुक्याची हद्द गुजरातला लागून आहे. नार, पार, अंबिका या नद्या इथलं पाणी पश्चिमेला घेऊन जातात. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. पावसाळ्यात ओहोळ भरले की काही पाड्यांचा रस्ताच तुटतो. नागली, वरई, भात निघालं की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

तपासाच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. रस्ता तुटला की मृतदेह शवविच्छेदनापर्यंत पोचत नाही. ज्याने काही पाहिलं असेल तो दिवाळीनंतर चार महिने बागेत असतो. आणि पाड्यावर सगळी घरं एकमेकांच्या नात्यातली. साक्ष द्यायची ती चुलत्याविरुद्ध, मेहुण्याविरुद्ध, ज्याच्या बैलांनी आपलं शेत नांगरलं त्याच्याविरुद्ध. बाहेरच्या माणसाने विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘आम्हाला काही ठाऊक नाही.’ या वाक्यामागे दरवेळी गुन्ह्यातली साथ असते असं नाही. पुष्कळदा त्यामागे उद्याही याच पाड्यावर जगायचं आहे ही जाणीव असते.

टाकेहर्षची निसटलेली बाई

याच नाशिक जिल्ह्यात, घोटी परिसरातल्या टाकेहर्षमध्ये 2014 च्या अखेरीस दोन स्त्रियांचा जीव गेला. अंगात येणाऱ्या एका बाईच्या सांगण्यावरून त्यांना डाकीण ठरवलं गेलं. मारहाणीत त्या मेल्या आणि त्यांना परस्पर पुरण्यात आलं. मारणाऱ्यांमध्ये नात्यातलीच माणसं होती. वस्तीला हे माहीत होतं, पण बाहेर शब्द गेला नाही.

तिसरी बाई मात्र निसटली. ती श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचली, त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि तिला पोलिसांपर्यंत नेलं. घटनेला तोवर सुमारे दोन महिने झाले होते. पुढे खटला उभा राहिला आणि 2017 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने 11 जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

या प्रकरणात कार्यकर्त्यांनी भिंगातून बोटांचे ठसे पाहिले नाहीत. ज्या बाईचं ऐकायला तिच्या वस्तीत कुणी तयार नव्हतं, तिचं त्यांनी ऐकलं. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी ही संघटना वर्षानुवर्षं पाड्यांवर फिरलेली होती, म्हणून जीव मुठीत धरून पळणाऱ्या बाईला कुणाचं दार ठोठावायचं ते सुचलं. संकटाच्या रात्री आठवावं असं एक दार आधीपासून उघडं असलं, तरच असा तपास सुरू होतो.

आमिश गाव आणि आपला पाडा

आपल्याकडे हौशी गुप्तहेराचं वेड जुनं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर शाळकरी वयातच गुन्हेगारांच्या मागावर निघाला. ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक रहस्यकथांवर वाढले. अमेरिकेत याच आवडीची एक वेगळी शाखा आहे: आमिश लोकांच्या गावात घडणाऱ्या रहस्यकथा. सतराव्या शतकाच्या अखेरीस याकोब अम्मान या धर्मोपदेशकामागून वेगळा झालेला हा ख्रिस्ती पंथ. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. ते घोडागाडीने प्रवास करतात, घरात सार्वजनिक वीज घेत नाहीत, आपसांत जुनी जर्मन बोली बोलतात आणि कोर्टकचेरीपासून दूर राहतात. पॉल गॉस या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1999 पासून ओहायोतल्या आमिश वस्तीवर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा नायकही प्राध्यापकच आहे. पोलिसांना जिथे दारातून परत पाठवलं जातं, तिथे त्याला ओळखीमुळे ओसरीवर बसायला मिळतं.

आमिश आणि आपले आदिवासी यांच्यात साम्य शोधताना जपून बोललं पाहिजे. धर्म, इतिहास, संपत्ती, सगळंच वेगळं. एक दुवा मात्र खरा आहे, तो म्हणजे वाळीत टाकणं. आमिश पंथात नियम मोडणाऱ्याच्या पंगतीला कुणी बसत नाही, त्याच्या हातून वस्तू घेत नाही. आपल्याकडच्या जातपंचायतींनीही हेच हत्यार वापरलं. ज्या माणसाचं सगळं जग पन्नास घरांत सामावलेलं असतं, त्याच्यासाठी ती पन्नास दारं बंद होणं तुरुंगाहून कठीण असतं. बंद समाजातलं मौन या भीतीवर उभं असतं.

नाशिकच्या एका खुनाने उघडलेलं दार

जून 2013 मध्ये नाशिक शहरात एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळला. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. मारणारा कोण, हे त्याच दिवशी कळलं. पोलिसी अर्थाने गूढ उरलं नव्हतं. तरीही महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न स्वस्थ बसू देईना: बापाच्या हातून हे घडावं इतका दाब त्याच्यावर कुणाचा होता? त्यांनी समाजातल्या माणसांशी बोलायला सुरुवात केली आणि मागे जातपंचायतीचा बहिष्कार उभा असल्याचं दिसू लागलं. एक माणूस बोलला, मग दुसरा, मग वेगवेगळ्या समाजांतून आणि जिल्ह्यांतून तक्रारी येऊ लागल्या.

ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या उपस्थितीत नाशिकला जातपंचायतीला मूठमाती देणारी परिषद झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 20 ऑगस्टला, पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. कार्यकर्ते थांबले नाहीत. नाशिकचे कृष्णा चांदगुडे आणि त्यांचे सहकारी ही मोहीम चालवत राहिले. 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या बापाला झालेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये 20 वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली.

‘कुणी मारलं’ याचं उत्तर मिळाल्यावर कार्यकर्ते घरी गेले असते, तर फाईल तिथेच बंद झाली असती. त्यांनी कारण विचारलं, म्हणून एक कायदा झाला.

रात्री चावणारं कारण

आता सुरुवातीच्या त्या मुलाकडे परत जाऊ. धडधाकट झोपला, सकाळी उठला नाही. पाड्यावर अशा मरणाचं एक कारण वारंवार नजरेआड होतं, ते म्हणजे मण्यार. हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दंश इतका हलका असतो की कित्येकदा जागही येत नाही. दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, घोट गिळता येत नाही, जीभ जड होते आणि शेवटी श्वास थांबतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ही करणीच वाटणार. ज्याला ठाऊक आहे तो पापण्यांवरून ओळखतो आणि माणसाला तडक ग्रामीण रुग्णालयात नेतो. सर्पदंशावरची लस मण्यारीच्या विषावरही दिली जाते आणि श्वासाला यंत्राचा आधार वेळेत मिळाला तर माणूस वाचतो.

या बाबतीत महाराष्ट्राला डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घरचं आहे. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावून माणसं मरत होती आणि नेमकी कशाने मरतात हे कुणाला सांगता येत नव्हतं. ते रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहीत राहिले. विषामुळे हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यांनी त्या नोंदींतून दाखवलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 1 टक्क्यापर्यंत खाली आलं. पुढे त्यांनी मण्यारीच्या दंशावरही लिहिलं. कोकणातल्या त्या खोलीत चाललेलं काम मला कुठल्याही गुप्तहेरकथेपेक्षा थरारक वाटतं, कारण त्याच्या अखेरीला माणसं वाचतात.

वहीतल्या चार ओळी

गावातल्या कुणा शिक्षकाला, आशाताईला, कॉलेजातल्या पोराला एखाद्या मरणाविषयी शंका आली, तर त्याने काय करावं? सर्वांत आधी नोंद होईल असं पाहावं. गावाच्या कारभारातल्या माणसांनी संशयास्पद मृत्यूची खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे. पोलीस पाटलांचं हे मुख्य काम. खबर गेली की ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, दोन पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा होतो. देह कसा पडला होता, तोंड कुठल्या बाजूला, कपडे ओले की कोरडे, अंगावर खुणा कुठे, जवळ काय पडलं होतं, हे सगळं त्यात येतं. पंच म्हणून उभं राहणाऱ्याने तो कागद वाचून घ्यावा आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं आहे याची खात्री करून मगच सही करावी. पंचनाम्यातली एक साधी ओळ, ‘पायांना चिखल नाही’, नदीकाठी सापडलेल्या देहाची सगळी गोष्ट फिरवू शकते.

देह पुरला गेला असला तरी वाट संपत नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो बाहेर काढून तपासता येतो. मऊ भाग गेला तरी हाडांवरचे घाव टिकतात. मात्र एकदा अग्नी दिला की बहुतेक पुरावा राख होतो, म्हणून घाई असेल तिथे शंका वेळेवर बोलून दाखवावी लागते. एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळ सुरू असेल, तर खून होईपर्यंत थांबायचं कारण नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो छळच गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे आणि पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी त्यासाठी नेमलेला असतो.

हौशी माणसाने काही पथ्यं कसोशीने पाळायला हवीत. वस्तू हलवायची नाही. कुणाला गुन्हेगार म्हणून नाव द्यायचं नाही, मोबाईलवर तर नाहीच. ज्याने सांगितलं त्याचं नाव तोंडातून निसटू द्यायचं नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं वहीत वेगळं लिहायचं, तारीख घालायची आणि ते तपास यंत्रणेच्या हाती द्यायचं. नाहीतर संशयावरून नाव पुकारणारा शिकलेला माणूस आणि दाण्यांवरून नाव काढणारा भगत यांच्यात काही फरक राहत नाही.

सुरगाण्याच्या पाड्यावर एका मरणाचं कारण कळलं, तर काय होतं? पोराला मण्यार चावली होती हे घरच्यांना पटलं, की ज्या म्हातारीकडे बोटं वळणार होती ती आपल्या झोपडीत सुखाने नागलीची भाकरी थापत राहते. धाकट्या भावाचं अंथरूण जमिनीवरून खाटेवर जातं. खाटेला मच्छरदाणी लागते आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गोधडीखाली घट्ट खोचल्या जातात.