ओला कचरा वेगळा, श्वास मोकळा

कल्याणच्या आधारवाडी डम्पिंग ग्राउंडला वारंवार आगी लागायच्या. धूर घराघरांत शिरायचा. लेकरे, म्हातारी माणसे खोकून बेजार व्हायची. ढिगाखाली हवेविना ओला कचरा कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि पेट घेतो. २० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट जास्त पृथ्वी तापवतो. २०२० मध्ये वर्गीकरणाची मोहीम सुरू झाली; २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे थांबले.

म्हणून आम्ही वस्तीत सांगतो : भाजीची देठे, उष्टे अन्न वेगळ्या डब्यात ठेवा. कचरा जाळू नका. फुटकी काच, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. मिसळलेल्या कचऱ्यात ज्याचा हात कापतो, तो सफाई कामगार बहुतेकदा आपल्याच समाजातला असतो. जयभीम!