घर, मालकी आणि कारभार

कौटुंबिक व्यवसायात एकच माणूस तीन नात्यांनी वावरतो. तो घरातला मुलगा, भाऊ किंवा काका असतो. धंद्यात त्याचा हिस्सा असतो. आणि रोज सकाळी दुकानात किंवा कारखान्यात तो एखादे काम सांभाळतो. हार्वर्डमधील रेनातो तागिउरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये कुटुंब, मालकी आणि व्यवसाय अशी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे काढून ही गुंतागुंत मांडली. तिन्ही वर्तुळांचा न्याय वेगळा. घरात गरज पाहून दिले जाते, मालकीत हिश्शाप्रमाणे मिळते आणि कामात कुवत पाहून जबाबदारी सोपवली जाते. एकाचा न्याय दुसऱ्याला लावला की कुरबुरी सुरू होतात. कारखाना चालवणारा भाऊ आणि आठवड्यातून एकदा डोकावणारा भाऊ यांना सारखाच पगार मिळाला, तर घरात समता राखल्याचे समाधान मिळते. पण राबणारा भाऊ मनातून दुरावत जातो.

पिढी बदलताना

संस्थापकाच्या काळात त्याचा शब्द हाच नियम असतो. दुसऱ्या पिढीतली भावंडे एका छपराखाली वाढलेली असल्याने बरेच काही न बोलता निभावते. तिसऱ्या पिढीत चुलत भावंडे येतात. कोणी धंद्यात असते, कोणी नोकरीत, कोणी परदेशात. धंद्यातल्यांना नफा पुन्हा धंद्यात घालायचा असतो, बाहेरच्यांना लाभांश हवा असतो. दोन्ही मागण्या रास्त असतात आणि म्हणूनच त्यांचा मेळ घालणारी ठरलेली पद्धत लागते.

किर्लोस्कर घराण्याच्या वाटचालीत हे टप्पे दिसतात. लक्ष्मणराव आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून सुरुवात झाली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. पुढील पिढ्यांत उद्योग वाढले, शाखा फुटल्या. २००९ मध्ये झालेल्या कौटुंबिक समझोत्यातील कलमांच्या अर्थावरून नंतर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. समझोता लिहिताना, त्याच्या अर्थाविषयी मतभेद झाल्यास निवाडा कोणी करायचा हेही स्पष्ट लिहिणे किती महत्त्वाचे असते, हे यातून समजते.

कायद्याची चौकट

अनेक मराठी व्यवसाय आजही भागीदारीत चालतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळी तरतूद नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते. त्यामुळे भागीदारीपत्रात वारसाविषयीचे कलम अत्यावश्यक ठरते.

मुलींचा हक्कही गृहीत धरावा लागतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्येच काही अटींसह मुलींना वाटा दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्या मुलांप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे त्या मालमत्तेच्या सहहक्कदार, झाल्या आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘लेक सासरी गेली, तिचा धंद्याशी काय संबंध’ असे मानून केलेली व्यवस्था त्यामुळे टिकत नाही.

कुटुंबाची लेखी घटना उपयोगी असते, पण एकटी पुरत नाही. खासगी कंपनीच्या शेअर हस्तांतरावर घातलेले बंधन नियमावलीत नसेल, तर केवळ घरातल्या कराराने ते कंपनीला बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एका कौटुंबिक कंपनीच्या खटल्यातच म्हटले आहे. घरात ठरलेली महत्त्वाची कलमे म्हणून कंपनीच्या नियमावलीतही उतरवावी लागतात.

मूल्यांना नियमांचे रूप

शिस्त आली की आपुलकी जाते, ही भीती अनेक घरांत असते. वास्तविक, नियमात उतरलेले मूल्य माणसे बदलली तरी टिकते. जुन्या कामगाराला वाऱ्यावर सोडायचे नाही, ही आजोबांची शिकवण असेल तर निवृत्त कामगारांच्या मदतीसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढावी. अडचणीतल्या नातेवाइकाला हात द्यायचा असेल तर कुटुंबाचा स्वतंत्र निधी असावा. त्याच्यासाठी कंपनीत नसलेले पद निर्माण करू नये.

पैशाच्या वाटाही अशाच वेगळ्या ठेवता येतात. कामासाठी बाजारभावाने पगार, मालकीसाठी लाभांश आणि घरखर्चासाठी ज्याच्या त्याच्या खात्यातली रक्कम. गल्ल्यातून होणारी उचल थांबली की नफा किती झाला हे सर्वांना कळते आणि संशयाला जागा उरत नाही. पुढच्या पिढीने आधी दोन-तीन वर्षे बाहेर नोकरी करावी आणि घरच्या धंद्यात आल्यावर वडिलांच्या हाताखाली न राहता अन्य अधिकाऱ्याकडे काम शिकावे, हा नियमही हिताचा. बाहेर मिळवलेला मान तिला घरच्या धंद्यातही उपयोगी पडतो.

बाहेरचा कारभारी

काही कुटुंबांनी मालकी ठेवून कारभार व्यावसायिकांकडे दिला. डाबरच्या बर्मन कुटुंबाने १९९८ मध्ये हे पाऊल उचलले. कौटुंबिक तेल व्यवसायातून १९९० मध्ये मॅरिको वेगळी उभारणाऱ्या हर्ष मारीवाला यांनी २०१४ मध्ये व्यवस्थापकीय संचालकपद सौगत गुप्ता यांच्याकडे दिले. लहान उद्योगांनाही हे तत्त्व लागू पडते, मात्र पदाबरोबर अधिकारही द्यावा लागतो. व्यवस्थापकाने नाकारलेली सुट्टी कामगाराला ‘काकां’कडून मिळत असेल, तर त्या पदाला अर्थ उरत नाही. कुटुंबाने आपले म्हणणे संचालक मंडळात मांडावे आणि रोजचा कारभार नेमलेल्या माणसाला करू द्यावा.

नियम कधी लिहावेत

सगळे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत असतात, तीच नियम लिहिण्याची योग्य वेळ. आधी घर आणि धंद्याचे हिशेब वेगळे करावेत. मग पगार, प्रवेश आणि निवृत्तीचे वय ठरवावे. त्यानंतर वारसदाराची निवड आणि बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाचे मूल्यांकन कसे करायचे हे लिहावे. या शेवटच्या कलमाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वेगळे होण्याची न्याय्य वाट आधीच आखलेली असेल, तर जाणारा रागाने जात नाही, राहणाऱ्यांचा धंदा अडत नाही आणि सणासुदीला एकत्र येण्याइतके नाते शाबूत राहते.