मक्याचा करपा : आधी पान, मग पंप

दिवाळीच्या आगेमागे मक्याच्या शेतकऱ्याची दुहेरी धावपळ असते. खरिपाची कणसे खुडून खळ्यावर यायची असतात आणि रब्बीच्या पेरणीसाठी रानही मोकळे करायचे असते. या घाईत धसकटे रानातच राहतात, धाटांची गंजी बांधावर लागते. करप्याची बुरशी तिथेच मुक्काम ठोकते. हवेत ओल आली की जुन्या पानांवर बीजाणू तयार होतात आणि वारा ते नव्या पिकावर नेऊन टाकतो.

पान वाळले की आपण सरसकट ‘करपा आला’ म्हणतो, पण मक्यावर मुख्यतः दोन करपे येतात. पहिला टर्सिकम. 1876 साली इटलीत त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. याचा ठिपका लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा असतो. सुरुवातीला तो राखट हिरवा, पाण्याने भिजल्यासारखा दिसतो; मग पिवळट तपकिरी होतो आणि अडीचपासून पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दमट सकाळी त्यावर काळपट भुकटी दिसली तर ते बीजाणूच. 18 ते 27 अंश तापमान आणि पानावर तासन्‌तास टिकणारे दव त्याला मानवते. म्हणून लांबलेल्या पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडावर तो जोर धरतो. दुसरा मेडिस करपा उष्ण, दमट हवेतला. त्याचे ठिपके लहान, बहुधा अडीच सेंटिमीटरच्या आत आणि शिरांच्या मध्ये समांतर कडांचे असतात.

टर्सिकम बहुधा खालच्या पानांवर सुरू होऊन वर चढतो, त्यामुळे बांधावरून पीक हिरवेगार दिसत असतानाही आत तो असू शकतो. वाकून पाहावेच लागते. पाहताना फसगतही होते. खालचे पान टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेने इंग्रजी व्ही अक्षरासारखे पिवळे पडत आले तर ती नत्राची कमतरता. तिथे बुरशीनाशक म्हणजे पैसे पाण्यात. पानावर विटकरी फोड आले आणि बोट फिरवल्यावर भुकटी लागली तर तांबेरा. पानाला कागदी खिडक्या पडल्या असतील तर पोंग्यात लष्करी अळी शोधा.

बियाण्याची निवड किती महागात पडू शकते, हे 1970 साली अमेरिकेने पाहिले. संकरित बियाण्यासाठी मादी ओळीतल्या झाडांचे तुरे हाताने काढावे लागत. ती मजुरी वाचवण्यासाठी ‘टेक्सास’ प्रकारची नरवंध्यता, म्हणजे तुऱ्यात पराग न धरण्याचा गुण, वापरात आली आणि इतकी सोयीची ठरली की देशातील सुमारे 85 टक्के मका तिच्यावर आला. मेडिस बुरशीच्या ‘टी’ वंशाचे विष नेमके याच मक्याच्या पेशींतील ऊर्जाकेंद्रांवर आघात करणारे निघाले. फिलिपिन्समधून 1961 सालीच तसा इशारा आला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्या एका हंगामात अमेरिकेचे सुमारे 15 टक्के मका उत्पादन गेले, नुकसान अब्ज डॉलरच्या घरात. पुढे बियाणे कंपन्या तुरे काढण्याच्या जुन्या कामाकडे परतल्या. वेगवेगळ्या नावांच्या पिशव्यांत आतून एकच वारसा असू शकतो, हे त्यातून कळले.

म्हणून माझ्या मते करप्याचा निम्मा निकाल पेरणीआधीच लागतो. सहनशील वाण घ्यावे. मधुमक्याची बरीच वाणे करप्याला नाजूक असतात, तिथे पाहणी जास्त करावी. मक्यावर मका टाळून हरभरा, सोयाबीन किंवा कांदा घ्यावा. टर्सिकम ज्वारीवरही येतो. मक्यावरची आणि ज्वारीवरची त्याची रूपे पुष्कळदा वेगळी असली तरी मक्यामागे ज्वारी याला मी खरी फेरपालट म्हणत नाही. धसकटे जाळण्यापेक्षा बारीक करून मातीत गाडावीत, म्हणजे ती कुजतात. मुरघास करणाऱ्याचे काम आपोआप हलके होते, कारण जवळजवळ अख्खे ताट रानाबाहेर जाते.

आता फवारणी. दाण्यात भरणारा माल प्रामुख्याने कणसाजवळच्या आणि त्यावरच्या पानांत तयार होतो. ती वाचली पाहिजेत. अमेरिकेच्या मका पट्ट्यातला एक ठोकताळा उपयोगी आहे : तुरा येण्याच्या सुमारास निम्म्या झाडांवर कणसाखालच्या तिसऱ्या पानावर किंवा त्याच्या वर ठिपके असतील, वाण नाजूक असेल आणि हवा ओलसर असेल, तर फवारावे. मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम, हे पानावर राहून नवी लागण अडवते. अझॉक्सिस्ट्रोबिन 18.2 टक्के अधिक डायफेनोकोनॅझोल 11.4 टक्के, लिटरला 1 मिलि, हे पानाच्या आतही शिरते. करपलेला भाग मात्र कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवा होत नाही. दाणा घट्ट होऊ लागल्यावर फवारणीचा खर्च निघत नाही. चारा जनावरांना घालायचा असेल तर डब्यावरचा प्रतीक्षा काळ पाळलाच पाहिजे.

रब्बीचे बियाणे घ्यायला जाल तेव्हा भावाआधी एवढे विचारा : हे वाण टर्सिकम करप्याला कितपत टिकते? दुकानदाराला सांगता आले नाही तर कंपनीचे माहितीपत्रक मागा, आणि त्यातही उत्तर नसेल तर ती पिशवी परत ठेवा.