जीनेटचे कागद आणि फ्राम जहाजाची घडण

ध्रुवप्रदेशाचें नांव निघालें म्हणजे महाराष्ट्रीय वाचकास लोकमान्य टिळकांच्या इ. स. १९०३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचें स्मरण होतें. प्रस्तुत लेखाचा आर्यांच्या मूलस्थानाच्या वादाशीं संबंध नाहीं. त्या ग्रंथापूर्वीं दहा वर्षें नॉर्वे देशाचें एक जहाज उत्तरेकडील समुद्रांत बुद्ध्या बर्फांत गोठवून घेण्यांत आलें, आणि या धाडसास कांहीं कागद व जुने कपडे यांचा पुरावा बऱ्याच अंशीं कारण झाला, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. जहाजबांधणी हा आमचा विषय नव्हे. परंतु पुराव्याची पारख हा आमच्या वाचकांचा नित्याचा उद्योग असल्यामुळें हें प्रकरण त्यांस परकें वाटणार नाहीं.

'जीनेट' नांवाचें जहाज अमेरिकन आरमारांतील अधिकारी डी लाँग याच्या हुकमतीखालीं ता. ८ जुलै १८७९ रोजीं सान फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाकडे निघालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तें बर्फांत अडकलें, सुमारें एकवीस महिने बर्फाबरोबर वाहत गेलें, आणि जून १८८१ मध्यें न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेस चिरडून बुडालें. डी लाँग व त्याचे बरेच सोबती पुढें लेना नदीच्या मुखाशीं उपासमारीनें व थंडीनें मेले. मदत आणण्याकरितां त्यानें पुढें धाडलेले निंडेमान व नोरोस हे दोन खलाशी मात्र वांचले.

यानंतर तीन वर्षांनीं, जून १८८४ मध्यें, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर यूलियानेहोब गांवानजीक बर्फाच्या एका तुकड्यावर कांहीं वस्तु सांपडल्या. तेथील डॅनिश वसाहतीचा व्यवस्थापक लुत्सेन यानें त्यांची याद छापून प्रसिद्ध केली. तींत डी लाँगच्या सहीची शिधासामग्रीची यादी, जीनेटच्या होड्यांची हस्तलिखित यादी, 'लुई नोरोस' असें नांव असलेली मेणकापडी विजार आणि 'एफ्. सी. लिंडेमान' असें नांव असलेला टोपीचा पुढचा तुकडा, हे जिन्नस मुख्य होते. अमेरिकेंतील वर्तमानपत्रांनीं हें सर्व बनावट असावें अशी शंका घेतली.

जहाजावर लिंडेमान नांवाचा कोणी नव्हता, निंडेमान होता. लुत्सेनच्या हातून नक्कल करतांना किंवा छापतांना ही चूक झाली असावी असें पुढें नान्सेननें लिहिलें आहे, आणि तें आम्हांस पटतें. अपरिचित नांव डोळ्यांपुढें असतां परिचित नांव लेखणींतून उतरणें हा लेखकप्रमाद पोथ्या चाळणारास रोजचा आहे. उलट वर्तमानपत्रांवरून बनावट रचणारानें नांव तरी बिनचूक घातलें असतें. येथें प्रतिपक्षाचाही एक मुद्दा सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. निंडेमान व नोरोस हीं नांवें त्या शोकान्त प्रकरणांत अतिशय गाजलेलीं होतीं, व बनावट करणारास तींच प्रथम सुचलीं असतीं. म्हणून केवळ या जिनसांवर निकाल देतां येत नाहीं. स्वतंत्र पुरावा पाहिजे.

तो पुरावा नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यानें जमविला. प्रोफेसर मोन यांनीं १८८४ मध्येंच या वस्तु ध्रुवसमुद्र ओलांडून वाहत आल्या असाव्या असें प्रतिपादन केलें होतें. नान्सेननें त्यास जोड दिली. ग्रीनलंडच्या किनाऱ्यास सायबेरियांतील झाडांचे ओंडके लागतात. तेथें समुद्रांतून आलेलें भाला फेंकण्याचें एक लांकडी साधन सांपडलें होतें. त्याची घडण अलास्कांतील एस्किमोंची, व त्यावर चिनी कांचमणी जडविलेले. तेव्हां सायबेरियाच्या बाजूनें ग्रीनलंडकडे प्रवाह जातो हें निश्चित. मग त्याच्याशीं झगडण्यापेक्षां त्याच्यावर स्वार कां होऊं नये? इ. स. १८९० मध्यें नान्सेननें ही योजना मांडली. ग्रीलीसारख्या अनुभवी ध्रुवप्रवाशांनीं ती आत्मघातकी ठरविली. पुराव्याचा अर्थ चुकला असता तर त्याची किंमत तेरा माणसांनीं प्राणांनीं दिली असती.

आतां प्रश्न राहिला जहाजाचा. तें जीनेटच्या वाटेनें जाऊं नये, यासाठीं कॉलिन आर्चर या कारागिरानें एकामागून एक नमुने करून आकार ठरविला, ता. २६ ऑक्टोबर १८९२ रोजीं लार्विक येथें 'फ्राम', म्हणजे 'पुढें', हें जहाज पाण्यांत सोडलें गेलें. भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत लांबी, रुंदी व उंची यांवरून नौकांचे वर्ग पाडले आहेत. त्या मापांनीं पाहिलें तर फ्राम बेढबच ठरावें. लांबी सुमारें ३९ मीटर आणि रुंदी ११ मीटर, म्हणजे चौथाईहून अधिक! परंतु मर्म पोटाच्या गोलाईंत आहे. जहाजाच्या बाजू भिंतीसारख्या उभ्या असल्या तर बर्फाचा सर्व दाब आडवा बसतो व फळ्या कितीही जाड असल्या तरी केव्हां तरी मोडतात. बाजू खालीं निमुळत्या व गोल असल्या तर त्याच दाबाचा कांहीं अंश वर उचलण्यांत खर्च होतो. फणसाची ओली आठळी चिमटींत दाबली असतां जशी निसटते, तसें जहाज निसटून वर येतें. याच हेतूनें तळाचा कणा बाहेर फारसा न ठेवतां झांकून घेतला, नाळ व पिच्छाडीही गोल केली, आणि सुकाणूं व पंखा बर्फाच्या तावडीत सांपडूं नयेत म्हणून वर ओढून घेण्याची सोय केली. बाजू ७० ते ८० सेंटिमीटर जाड होत्या. सर्वांत बाहेरचें ग्रीनहार्ट या कठीण लांकडाचें कवच आंतील फळ्यांस आरपार न ठोकतां वेगळें बसविलें होतें. बर्फानें तें सोलून काढलें तरी मूळ शरीर शाबूत राहावें.

सप्टेंबर १८९३ मध्यें फ्राम न्यू सायबेरियन बेटांच्या वायव्येस गोठलें. खरी कसोटी जानेवारी १८९५ च्या आरंभीं लागली. बर्फाची एक प्रचंड रांग डाव्या बाजूवर चढून आली. माणसांनीं सामान बर्फावर उतरविलें व जहाज सोडण्याची तयारी केली. जहाज कडकडलें, परंतु मोडलें नाहीं. बर्फाच्या बिछान्यांतून सुटून वर उचललें गेलें. पुढें ८६ अंशांच्या जवळपास पोंचून ऑगस्ट १८९६ मध्यें तें स्पिट्सबर्गेनच्या बाजूस मोकळ्या पाण्यांत आलें. प्रवाह खरा होता. यूलियानेहोबच्या जिनसांच्या बाजूनें याहून बळकट साक्ष ती कोणती? अर्थात् गोल पोटाची शिक्षाही होती. मोकळ्या समुद्रांत फ्राम इतकें डुले कीं मुरलेल्या खलाशांसही ओकारी होई.

फ्राम बर्फास शरण जाणारें जहाज. बर्फ फोडणारें जहाज निराळें. रशियन नौसेनापति माकारॉव्ह यानें न्यूकॅसल येथें बांधवून घेतलेलें 'येर्माक' हें पोलादी जहाज उतरत्या नाळेनें बर्फावर चढून स्वतःच्या वजनानें तें मोडी. अमेरिकन सरोवरांतील जहाजांवरून त्यास नाळेखालींही एक पंखा बसविला होता. इ. स. १८९९ मध्यें स्पिट्सबर्गेनकडील जाड बर्फांत तो निरुपयोगी ठरला व काढून टाकावा लागला.

अशा चुका समुद्रावर जाण्यापूर्वींच कळाव्या म्हणून १९५५ मध्यें लेनिनग्राड येथें बर्फाचा हौद बांधला गेला. तेथील अडचण मार्मिक आहे. नमुना मूळच्या पंचविसाव्या हिश्शाचा असेल तर बर्फाची जाडीच नव्हे, बळकटीही पंचविसाव्या हिश्शाची लागते. साधें बर्फ फारच कठीण पडतें. म्हणून खारें पाणी गोठवून मुद्दाम दुबळें बर्फ तयार करतात, आणि जहाजाच्या परीक्षेपूर्वीं प्रथम त्या बर्फाचीच परीक्षा घेतात.