टिकल्यांचा तक्ता

आज हप्ता, कर्ज, पासबुक यातलं काही बोलायचं नाही. आज लेकरांबद्दल बोलू. तसंही गटाची बैठक संपली, वही मिटली, की पाच मिनिटांत आपली गाडी तिथंच येते. सकाळी उठत नाही, दप्तर दारातच फेकतो, हात धू म्हटलं की ऐकूच येत नाही. आणि मग कुणीतरी म्हणतंच, "मारल्याशिवाय ऐकतच नाही बघा."

मारलं की ऐकतं, हे खरं आहे. त्या घडीला ऐकतं. पण पाठीत धपाटा बसला की लेकराला एवढंच कळतं की आईला राग आला. दप्तर कुठं ठेवायचं होतं, ते धपाट्यातून कळत नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर पुन्हा दारात. शाळेत तर मारायला कायद्यानंच बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं की मुलाला मारायचं नाही आणि मनाला लागेल असा छळही करायचा नाही. घरात कोण बघायला येतंय, असं आपण म्हणतो खरं, पण लेकरू तेच, पाठही तीच.

आता मला सांगा, दिवसभरात आपण लेकराकडे नीट कधी बघतो? चुकलं की. आपण भाकरी थापतोय आणि ते कोपऱ्यात गपगुमान खेळतंय, तर आपण मनात म्हणतो, बरं झालं, आणि तव्याकडे वळतो. त्यानं पिठात हात घातला की मात्र लगेच वळून बघतो, ओरडतो, उचलून बाजूला ठेवतो. लेकरं या हिशेबात फार पक्की असतात. आईचं लक्ष कशानं मिळतं, ते त्यांना बरोबर समजतं.

म्हणून आज एक साधी युक्ती सांगते. शहरात तिला स्टार चार्ट म्हणतात, बाजारात छापील मिळतो. आपल्याला विकत आणायची गरज नाही. चपलांच्या खोक्याचं झाकण किंवा वहीचं जोडपान घ्या. सात घरं आखा, सोमवार ते रविवार. डाव्या बाजूला काम लिहा. लेकराला वाचता येत नसेल तर चित्र काढा. दप्तर, तांब्या, चप्पल, कसंही वेडंवाकडं चालेल, त्याला ओळखू आलं म्हणजे झालं. भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवा, पण त्याचा हात पुरेल एवढ्या उंचीवर. काम झालं की त्या दिवसाच्या घरात टिकली. हो, आपली कपाळाचीच टिकली, पाकिटातली. ज्या घरी टिकलीचं पाकीट येत नाही, तिथं हळदीचं बोट उमटवा, पेनानं चांदणी काढा. एखादा पोरगा म्हणेल, टिकली नको, ती बायकांची. त्याला ट्रॅक्टर काढू द्या. (आणि टिकल्यांचं पाकीट जरा वर ठेवा, नाहीतर एका दुपारी सगळा महिना भरलेला दिसेल!)

हे चालतं कशामुळं? लहान लेकराला "रविवार" म्हणजे किती लांब ते कळत नाही. "नेहमी चांगलं वाग" म्हणजे काय, ते तर मुळीच कळत नाही. भिंतीवरच्या चार टिकल्या कळतात. आपलंही तसंच आहे की. पासबुकात आकडा वाढलेला दिसला की पुढचा हप्ता भरायला हुरूप येतो. डोळ्यांना दिसतं ते मनाला पटतं.

पण गटाच्या वहीत आणि या तक्त्यात एक मोठा फरक आहे, तो नीट लक्षात ठेवा. गटात हप्ता चुकला की दंड असतो. तक्त्यात दंड नाही. सकाळी मिळालेली टिकली संध्याकाळी भावाला चिमटा काढला म्हणून उपटायची नाही. सकाळचं काम त्यानं केलेलं आहे, ते खोटं कसं ठरेल? टिकल्या काढून घ्यायला लागलात की तो तक्ता भिंतीवरचा पोलीस होतो आणि लेकरू तिकडं बघायचंच सोडून देतं. आज काम झालं नाही तर घर रिकामं राहील. त्यावर बोलायचंसुद्धा नाही. उद्याचं घर आहेच.

काम निवडताना एकच निवडा, फार तर दोन. काम असं हवं की झालं की नाही, ते कुणालाही दिसेल. "शहाण्यासारखं वागणं" हे काम नव्हे. "शाळेतून आल्यावर दप्तर खुंटीला" हे काम. "मारामारी करायची नाही" असंही लिहू नका, जे करायचं तेच लिहा. पहिल्या दोन दिवसांत टिकली मिळालीच पाहिजे, इतकं सोपं काम घ्या. आठवड्यात सातपैकी पाच टिकल्या झाल्या तरी पुष्कळ. सातच्या सात मागितल्या तर मंगळवारी एक चुकली की लेकरू म्हणतं, आता काय उपयोग, आणि बुधवारपासून सगळंच सोडतं. टिकली लगेच द्या, रात्री नाही. त्याच्याच हातानं चिकटवू द्या आणि तोंडानं सांगा, "न सांगता दप्तर खुंटीला लावलंस, मला दिसलं." नुसतं "शाब्बास" म्हटलं तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही.

पाच टिकल्या झाल्या की काय द्यायचं? इथं आपण पटकन पाच रुपयांच्या पुड्याकडे जातो, नाहीतर मोबाईलकडे. दोन्ही टाळा. पुडा दिला की पुढच्या आठवड्यात दोन मागतात. लेकरालाच विचारा, त्यांच्या मागण्या फार लहान असतात. बाजारच्या दिवशी बापाच्या गाडीवर पुढं बसायचं, रविवारची भाजी मी ठरवणार, रात्री अंगणात दोन गोष्टी जास्त ऐकायच्या. मात्र जे जमणार नाही ते कबूल करू नका. बाजाराला न्यायचं म्हणालात आणि त्या दिवशी खुरपणीला गेलात, की तक्ता संपला.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते सांगते. तक्ता करायला बसलं की घर दिसतं. समजा, नऊ वर्षांची मुलगी आहे आणि सहा वर्षांचा मुलगा. मुलाच्या तक्त्यावर लिहिलंय, जेवल्यावर ताट मोरीत ठेवणं. त्यानं ताट ठेवलं, टिकली लागली, आजीनं तोंडभरून कौतुक केलं. मग ते ताट घासलं कुणी? बहिणीनं. तिच्या नावाचा तक्ताच नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "ती करतेच की, तिला सांगावं लागत नाही." मी बऱ्याच गटांत फिरते, आणि हे उत्तर प्रत्येक गावात मिळतं.

ती मुलगी काही बोलत नाही. पण भिंतीकडे तीही बघत असते. भावानं अर्धं काम केलं की टिकली, आणि आपण सगळं केलं तर ते धरूनच चाललेलं, एवढा हिशेब नऊ वर्षांच्या पोरीला येतो. म्हणून भांड्यांसाठी तिलाही टिकल्या द्या, असं मी म्हणणार नाही. त्यानं भांडी तिचीच, हे आणखी पक्कं होईल. आधी काम वाटा. मुलाच्या तक्त्यावर "स्वतःचं ताट स्वतः घासणं" लिहा, सहा वर्षांच्या पोराला ते जमतं. आणि मुलीच्या नावापुढं लिहा, "आज ताईला अभ्यासाच्या तासाला कुणीही हाक मारली नाही." ती टिकली घरानं मिळवायची, तुम्ही, सासूबाईंनी, तिच्या वडिलांनी. आठवड्याच्या शेवटी त्या ओळीत किती टिकल्या दिसतात ते बघा. मला वाटतं, बऱ्याच घरांत हीच ओळ सगळ्यात अवघड जाईल.

दोन भावंडांचे तक्ते शेजारी शेजारी लावून "बघ, तिच्या किती झाल्या" असंही म्हणायचं नाही. पाहुण्यांपुढं तर नाहीच.

काही गोष्टी तक्त्यावर कधीच नकोत. रात्री अंथरूण ओलं होणं ही त्यातली पहिली. झोपेत झालेलं लेकराच्या हातात नसतं, त्याला टिकली लावली की न मिळालेल्या दिवशी नुसती शरम पदरात पडते. मोठं झाल्यावर पुन्हा सुरू झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा. ताट संपवणं नको. पोटात किती जागा आहे ते त्याचं त्याला ठाऊक. आणि जे लेकरू आपणहून, आवडीनं करतं, त्यालाही टिकली नको.

हे शेवटचं ऐकून नवल वाटेल. अमेरिकेत १९७३ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढा, रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना सांगितलं काहीच नाही, पण नंतर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढं एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन सहज ठेवले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या मानानं जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. आवडीचा खेळ होता, त्याचं काम झालं.

आपल्याकडेही हे जुनंच बोलणं आहे. गुजरातमध्ये भावनगरला बालमंदिर चालवणारे गिजुभाई बधेका शिक्षेइतकेच लालचीच्याही विरुद्ध होते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढं १९५७ मध्ये ते काम कोसबाडला नेलं. आज गावोगाव आहे त्या अंगणवाडीची कल्पना तिथलीच. ही मंडळी आपला तक्ता बघून नाक मुरडली असती. माझ्या मते त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, आणि म्हणूनच तक्ता थोडे दिवसच ठेवायचा. नकोशा वाटणाऱ्या कामाला पहिला धक्का द्यायला तो बरा. गाडी चालू झाली की कुणी ढकलत राहत नाही.

साधारण तीन आठवडे चालवा. मग रोजच्या टिकलीऐवजी दोन दिवसांना एक करा, पुढं नुसतं तोंडानं सांगा. दप्तर न सांगता खुंटीला जायला लागलं की तक्ता लेकराच्या हातानं काढा आणि त्याला तो जपून ठेवायचा असेल तर ठेवू द्या. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही, तर लेकराला बोल लावू नका. काम फार मोठं निवडलं असेल, नाहीतर घरात एक माणूस टिकली देतंय आणि दुसरं माणूस फटका, असं चाललं असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी भिंतीऐवजी वहीच्या पुठ्ठ्यावर तक्ता करावा, कोपीतही तो बरोबर राहील.

पुढच्या बैठकीला ज्यांनी करून बघितला त्यांनी तक्ता घेऊन या. दुसऱ्या ओळीचाही, ताईला हाक न मारण्याचा.