पाहुण्यांच्या ताटात भाकरी का नको?

आमच्या नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला देश-विदेशातून भाविक येतात. लंगरमध्ये जात-पात न विचारता सगळ्यांना एका पंगतीत जेवू घालतात. मध्यंतरी शेजाऱ्यांकडे कॅनडाहून अशाच एक पंजाबी बाई दर्शनासाठी आल्या होत्या. मी हौसेनं त्यांना जेवायला बोलावलं. पुरी, श्रीखंड, पनीरची भाजी असा थाट केला. सासूबाईंसाठी केलेली ज्वारीची भाकरी मात्र स्वयंपाकघरातच झाकून ठेवली.

हात धुवायला आत आलेल्या त्या बाईंनी विचारलंच, ‘‘बहनजी, इसमें क्या है?’’ मग भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी त्यांनी चवीनं खाल्ली. आईच्या हातच्या मक्याच्या रोटीची आठवण काढली. मी पदर खोचून त्यांना भाकरी थापून दाखवली. पनीर तसंच राहिलं! मला मनातून ओशाळल्यासारखं झालं.

कारण मी जे झाकून ठेवलं, ते देशानं जगापुढे मांडलंय. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघानं २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा ही सगळी त्यातलीच. ९ सप्टेंबर २०२३ ला दिल्लीत जी-२० परिषदेच्या पाहुण्यांना राष्ट्रपतींनी मेजवानी दिली, त्यातही भरडधान्यांचे पदार्थ होते. थायलंडनं तर परदेशात थाई हॉटेलं वाढावीत म्हणून २००२ मध्ये सरकारी मोहीमच काढली. भाषणं विसरली जातात, जिभेवरची चव राहते. देशादेशांत मैत्री अशीही होते.

हे सगळं मी लातूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. एकजण फटकन म्हणाली, ‘‘ताई, कौतुक दिल्लीत व्हतंय. हितं ज्वारी काढाया माणूस मिळंना, पाखरं राखायची कुणी? सोयाबीनचा पैसा तरी हातात येतो.’’ तिचं काय चुकलं? शिवारात सोयाबीन वाढलं, ज्वारी मागं पडली आणि जनावरांचा कडबाही कमी झाला. ज्वारीच पेरली नाही, तर पाहुण्यांना वाढणार काय?

याच लातुरात वेळा अमावस्येला घरोघरची माणसं शेतात जातात. भज्जी, उंडे, ज्वारीच्या पिठाची आंबील! बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालतात. याहून मोठं आदरातिथ्य कोणतं?

मैत्रिणींनो, दिल्लीची मेजवानी आपल्या हातात नाही, पण आपलं ताट आहे. वर्षाची ज्वारी ओळखीच्या शेतकरणीकडून थेट घ्या, घासाघीस न करता. चार घरांतून हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, तर तीही चार तासं जास्त पेरील. आणि पाहुणे आले की भाकरी झाकून ठेवू नका. ती कुठल्या रानातली, ते सांगून पहिली वाढा. मी तरी आता तेच करते.