सहा आठवडे ठेवणार कोण?

सुरतच्या पांडेसरा जीआयडीसीत कुत्र्याचा पाय मोडतो तो बहुतेकदा पहाटे, माल भरून गाड्या निघतात तेव्हा. दिवसा टेम्पोखाली सावली मिळते, थंडीत इंजिनाची ऊब मिळते. ड्रायव्हरने चावी फिरवली की तरणी कुत्री आवाजाने उठून पळतात. पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना तेवढी चपळाई नसते. चाक जातं ते मागच्या पायावरून किंवा कमरेवरून.

अशा वेळी कोणी ना कोणी पुढे येतंच. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात आम्हा खानदेशी लोकांची घरं पुष्कळ. सुरत-भुसावळ लाइनने आलेल्या या माणसांनी गावाकडे हाडवैदाला बैलाच्या, शेळीच्या पायाला कामट्या बांधताना पाहिलेलं असतं. इथं डाइंग-प्रिंटिंगच्या मिलबाहेर चिंध्यांना तोटा नाही. दोन कामट्या, त्यावर साडीच्या काठाची चिंधी, घट्ट गाठ. हेतू चांगलाच असतो, पण मांडीच्या हाडाला ही बांधणी मुळीच चालत नाही. मोडलेल्या हाडाला आधार द्यायचा तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करावे लागतात. गुडघ्याखालचं हाड मोडलं असेल तर ते जमतं. मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, आणि तो साध्या पट्टीत येत नाही. पट्टी जेमतेम मोडीपर्यंत पोचते, तिचं सगळं वजन नेमकं मोडलेल्या जागी लोंबतं आणि हाडाची टोकं आणखी सरकतात. वर गाठ घट्ट असेल तर पंजा सुजतो, गार पडतो, काळा पडतो. मग जो पाय वाचला असता तो कापावा लागतो. म्हणून दवाखान्यात पहिलं वाक्य बहुधा हेच ऐकू येतं: "भाऊ, आधी ती चिंधी सोडा."

कुत्र्या-मांजरांच्या हाडांची शस्त्रक्रिया ही आता एक स्वतंत्र विद्या झाली आहे, आणि तिची सुरुवात हाडापासून होत नाही. अपघातातल्या जनावराची आधी छाती तपासतात, कारण बरगड्यांच्या आत हवा साठलेली असू शकते. मग मूत्राशय फाटलंय का ते पाहतात. सलाईन लावतात, वेदनाशामक देतात. मागच्या पंज्याचं बोट चिमट्याने जोरात दाबतात. त्या वेळी पाय नुसता आखडून भागत नाही. कुत्र्याने मान वळवली, ओरडलं, चावायला धावलं, तर वेदना मेंदूपर्यंत पोचते आहे असं कळतं. मणका मोडलेल्या जनावराचं पुढचं सारं भवितव्य या एका दाबावर ठरतं. हाड बाहेर आलेलं नसेल तर मोड जोडायला एक-दोन दिवस थांबता येतं. जखम उघडी असेल तर मात्र घाई करावी लागते.

एक्स-रे नेहमी दोन बाजूंनी काढतात. एका बाजूने सरळ दिसणारं हाड दुसऱ्या बाजूने बोटभर सरकलेलं असतं. त्यावरून ठरतं की आत काय घालायचं. सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे पिन: स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत, टोकदार सळई. ती हाडाच्या पोकळीतून, मज्जेतून, उभी सारतात. नुसती पिन घालायची तर तिची जाडी पोकळीच्या साधारण ७० टक्के असावी लागते. मांजराच्या मांडीचं हाड सरळ असतं, त्यात पिन छान बसते. कुत्र्याच्या हाडाला बाक असतो, तिथं डॉक्टरचा हात पणाला लागतो. पिन हाडाला वाकू देत नाही, पण हाड तिच्याभोवती गोल फिरू शकतं. चुरा झालेलं हाड तिच्यावरून खालीही घसरतं. म्हणून मोड अवघड असेल तर प्लेट आणि स्क्रू लावतात, किंवा बारीक पिन आणि प्लेट दोन्ही. मध्यम कुत्र्याला साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू लागतात, मांजराला दोन मिलिमीटरचेही पुरतात.

तिसरी तऱ्हा बाहेरून आधार देण्याची. हाडात आडव्या पिना घालायच्या, त्यांची टोकं कातडीबाहेर ठेवायची आणि ती एका दांड्याला जोडायची. महागड्या क्लॅम्पऐवजी नळाच्या गळतीला लावतात त्या जातीचं इपॉक्सी वापरून हा सांगाडा जोडायची पद्धत आपल्याकडच्या पशुवैद्यकांनी चांगली विकसित केली आहे. ते हाताने मळायचं, पिनांभोवती लिंपायचं, थोड्या वेळात दगडासारखं घट्ट होतं. मला या कामाबद्दल विशेष आदर वाटतो, कारण ते गरिबाच्या कुत्र्यालाही परवडतं. बाह्य आधाराची ही कल्पना जनावरांकडून माणसांकडेही गेली आहे. अमेरिकेतल्या ओटो स्टेडर या पशुवैद्याने १९३०च्या दशकात कुत्र्यांसाठी असा सांगाडा बनवला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी तो जखमी सैनिकांच्या पायांना लावला.

पाळलेल्या कुत्र्यांची गाऱ्हाणी वेगळी असतात. सोसायटीतलं लॅब्रॅडॉर एक दिवस मागचा पाय टेकवेनासं होतं. अपघात झालेला नसतो. गुडघ्यातलं लिगामेंट झिजत झिजत तुटलेलं असतं. कुत्र्याच्या नडगीचा वरचा भाग मागे उतरता असतो, साधारण २५ अंशांनी, त्यामुळे लिगामेंट गेलं की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं. अमेरिकी पशुवैद्य बार्कले स्लोकम यांनी १९९३ साली मांडलेली शस्त्रक्रिया हा उतारच बदलते. नडगीचा माथा गोल करवतीने कापून फिरवतात, उतार पाच अंशांच्या आसपास आणतात आणि प्लेटने पक्का करतात. तुटलेलं लिगामेंट जोडत नाहीत, त्याची गरजच काढून टाकतात. लहान कुत्र्यांना सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा दोरा घालूनही भागतं. खुब्याचा सांधा पार बिघडला असेल तर मांडीच्या हाडाचा गोल माथा कापून काढतात. त्या जागी स्नायू आणि तंतूंचा नवा कामचलाऊ सांधा तयार होतो. मांजरं आणि वीस किलोखालची कुत्री त्यावर उत्तम पळतात.

सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र ऑपरेशन थिएटरबाहेर आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर अभ्यासलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले. लाडाने दिलेली तुपाची पोळी गुडघ्यात जाऊन बसते, हे घरातल्या आजीला पटवणं सर्जनच्या कामाइतकंच अवघड आहे.

मांजराचं दुखणं तर दिसतच नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, तेव्हा नव्वदांमध्ये सांधे झिजल्याच्या खुणा सापडल्या. लंगडणारी त्यांत थोडीच. मांजर कपाटावर चढणं सोडतं, पाठ चाटणं सोडतं, घाणीच्या ट्रेच्या काठावरून पाय उचलवत नाही म्हणून बाहेरच घाण करतं. घरचे म्हणतात, म्हातारं झालंय. आणि मग कोणीतरी कळवळून आपल्याच डब्यातली तापाची गोळी अर्धी करून देतं. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला निर्विष करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि अर्ध्या गोळीतही मांजर मरू शकतं. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. माणसांची वेदनाशामकं जनावरांना देऊ नका, हे वाक्य प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

घरच्या जनावराला निदान त्याच्याकडे पाहणारं माणूस असतं. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी डॉक्टर एक्स-रे दिव्यावर लावून विचारतात, "भाऊ, ऑपरेशन मी करतो. सहा आठवडे हिला ठेवणार कोण?" आणून सोडणारा मिलमध्ये बारा तासांची पाळी करतो, एका खोलीत चौघांबरोबर राहतो. त्याच्याकडे उत्तर नसतं. पिन घातलेली कुत्री दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गेली तर ती पळणार, बाकीच्या कुत्र्यांशी भांडणार, आणि पिन सरकणार. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट: पिल्लाचा पाय ताठ बांधून दिवसेंदिवस तसाच ठेवला तर मांडीचे पुढचे स्नायू हाडाला चिकटतात आणि गुडघा कायमचा वाकेनासा होतो. म्हणून पिंजऱ्यात ठेवायचं, दिवसातून तीनदा बाहेर काढायचं, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून चालवायचं, गुडघा हळूहळू वाकवायचा आणि सोडायचा. टाके दहा-बारा दिवसांनी निघतात. मोठ्या कुत्रीचं हाड किती भरलं ते सहा-आठ आठवड्यांच्या एक्स-रेत कळतं, पिल्लाचं चार आठवड्यांतही कळतं.

राखणीची सोय नसेल आणि पायाच्या नसाच तुटल्या असतील, तर पाय काढणं हा क्रूर निर्णय नाही. कुत्र्याच्या अंगाचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचा एक पाय गेला तरी ते दोन-तीन आठवड्यांत धावायला लागतं. पण जोडता येणारा पाय निव्वळ पिंजरा मिळत नाही म्हणून कापावा लागतो, तेव्हा त्रास होतो.

आणि हे सुरतेत व्हावं याचं वाईट वाटतं. १६८९ साली इथं आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने शहराजवळचा, वाण्यांच्या खर्चाने चालणारा जनावरांचा आश्रम वर्णन केला आहे. त्यात गाई, घोडे, शेळ्या आणि कुत्रीही होती. आजारी, लंगडी, म्हातारी. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी उभं राहिलं. सुरतेच्या त्या आश्रमात निवारा होता, पण मोडलेलं हाड जोडण्याची विद्या नव्हती. आज विद्या आहे, पण निवारा नाही. पांडेसऱ्याहून नवसारीचं पशुवैद्यक महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे. १९६२ क्रमांकावर करुणा ॲम्ब्युलन्स येते. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान जनावरांचं रुग्णालय सुरू झालं. त्या सुमारास रतन टाटांनी सांगितलं होतं की त्यांच्या कुत्र्याच्या सांध्यासाठी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावं लागलं होतं, पण उशीर झाला आणि डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडावा लागला. इतकी साधनं असलेल्या माणसालाही वेळ साधली नाही.

पांडेसऱ्यात नवं हॉस्पिटल बांधण्याची गरज आहे असं मी म्हणत नाही. दहा-बारा पिंजरे मावतील अशी पत्र्याची एक शेड, पाणी, पंखा आणि टॉवेलची झोळी धरायला शिकलेली दोन माणसं, एवढं एखाद्या मिलच्या कोपऱ्यात सहज होतं. चार मिलमालकांनी मिळून केलं तर खर्च जाणवणारही नाही. पाय भरला की पिन काढून कुत्रीला तिच्या जुन्या गल्लीतच सोडायचं, कारण दुसऱ्या गल्लीतली कुत्री तिला टिकू देत नाहीत. तिथं गाड्या त्याच असणार. तेव्हा सोडताना गळ्यात रात्री चमकणारा रेडियमचा पट्टा घालावा आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी आपल्या ड्रायव्हरांना एक सवय लावावी: चावी फिरवण्याआधी खाली उतरून टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि चाकांमागे वाकून पाहायचं.